हसू कुणाच्या जिवावर

विनोदी माणूस मनाने निरोगी असतो, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की ती सहसा कुणी तपासून बघत नाही. स्थळ सुचवताना ‘हसतमुख’ म्हणतात, प्रगतिपुस्तकात ‘खेळकर’ लिहितात, आणि तेवढ्यावर त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल याचा निकाल लावून मोकळे होतात. आमच्या घरात मात्र यावरून जुना वाद आहे. एका बाजूला आत्या. ती पुण्यात मराठीची प्राध्यापिका होती; आता निवृत्त आहे आणि रोज सकाळी बागेतल्या हास्यक्लबात जाते. दुसऱ्या बाजूला माझा थोरला भाऊ. तो शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करतो आणि ‘हसत राहा, सगळं ठीक होईल’ हे वाक्य त्याला सहन होत नाही. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटल्या बाजूला सारून दोघं पुन्हा भिडले तेव्हा मी वही काढली. दोघांच्या परवानगीने तो संवाद इथे देते आहे. मध्येमध्ये मी बोलले आहे, आणि माझं मत मी झाकून ठेवलेलं नाही.

आत्या : तू एकदा सकाळी माझ्याबरोबर चल, मग बोल. आधी टाळ्या, ‘हो हो, हा हा हा’. मग जीभ बाहेर काढून सिंहहास्य. मग कानाला फोन लावल्यासारखं करून मोबाइल हास्य. माझ्या शेजारी एक बाई उभ्या राहतात. नवरा कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला. घरात दिवसभर हळू बोलायचं, हळू चालायचं, भांड्याचा आवाज होऊ द्यायचा नाही. या बाई सिंहहास्याला सगळ्यांत मोठी गर्जना करतात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पदराने तोंड पुसतात, चपला घालतात आणि घरी जातात. त्या मला म्हणाल्या, एवढ्या वेळावर माझा दिवस निघतो.

दादा : त्या बाईंबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण यात विनोद कुठे आहे? हास्यक्लब सुरू कसा झाला माहीत आहे ना? डॉ. मदन कटारियांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत, लोखंडवालाच्या बागेत, पाच जणांना घेऊन सुरुवात केली. तेव्हा चुटके सांगून हसायचे. थोड्याच दिवसांत चांगले चुटके संपले, मग चावट आणि बोचरे येऊ लागले, माणसं दुखावली. शेवटी कटारियांनी चुटके बंदच केले आणि कारणावाचून हसायचं ठरवलं. म्हणजे जगभर पसरलेली ही चळवळ उभी राहिली ती विनोद वगळून.

आत्या : मग ते माझ्याच बाजूचं झालं. चुटका गेला तरी हसू राहिलं, कारण माणसं शेजारी उभी होती.

दादा : तेवढं मान्य. अमेरिकेत रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या शास्त्रज्ञाने दुकानांत, रस्त्यावर, कॉलेजच्या आवारात लोक कधी हसतात याच्या हजाराहून जास्त नोंदी गोळा केल्या होत्या. त्यात विनोद म्हणावा अशा वाक्यावर आलेलं हसू पाचातलं जेमतेम एक. बाकीचं ‘बरं मग, भेटू’, ‘अरे, हा बघ आला’ अशा साध्या बोलण्यावरचं. आणि एकट्यापेक्षा माणसांत असताना आपण कितीतरी पटींनी जास्त हसतो. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने त्याच्याही पुढे जाऊन पाहिलं. लोकांच्या हाताला गोठवलेली थंडगार पट्टी गुंडाळायची किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळायचा आणि किती वेळ सोसवतं ते मोजायचं. मित्रांबरोबर खळखळून हसल्यावर तीच माणसं जास्त वेळ सोसू शकली. मेंदूत वेदना कमी करणारी एंडॉर्फिनं सुटत असावीत, असा त्यांचा तर्क आहे.

आत्या : मग भांडतोस कशाला?

दादा : कारण यातून लोक भलताच निष्कर्ष काढतात. नॉर्मन कझिन्सचं नाव प्रत्येक हास्यविषयक व्याख्यानात येतं. अमेरिकेतला संपादक, सांध्यांच्या दुखण्याने पार जखडलेला. विनोदी चित्रपट बघून दहा मिनिटं पोटभर हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असं त्याने १९७६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिलं. पण तो ‘क’ जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होता, रुग्णालय सोडून हॉटेलात राहायला गेला होता, आणि त्याचा डॉक्टर त्याचा जुना मित्र होता. यातलं श्रेय कुणाला द्यायचं? आणि आनंदी स्वभावाने आयुष्य वाढतं म्हणशील, तर कॅलिफोर्नियातला तो जुना अभ्यास आहे. लुइस टर्मनने १९२१ च्या सुमारास सुमारे दीड हजार हुशार मुलांची नोंद ठेवायला सुरुवात केली. पुढे हॉवर्ड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तपासलं, यातलं कोण जास्त जगलं. आईबापांनी आणि शिक्षकांनी ज्यांना लहानपणी आनंदी, विनोदी म्हटलं होतं ती मुलं सरासरीने लवकर गेली. जास्त जगली ती नेटकी, जबाबदार, शब्द पाळणारी मुलं.

आत्या : का रे?

दादा : पुरतं उत्तर नाही. मोठेपणी त्यांच्यात दारू, सिगारेट, धोके पत्करणं जरा जास्त होतं एवढं दिसलं. ‘काही होत नाही’ म्हणणारी माणसं.

इथे मी मध्ये पडले. नॉर्वेतला अभ्यास याच्या उलट सांगतो हे मी वाचलं होतं. एका परगण्यातल्या ५३ हजारांहून जास्त प्रौढांची सात वर्षं नोंद ठेवली तेव्हा विनोदबुद्धी चांगली असलेली माणसं, निदान पासष्टीच्या आसपासपर्यंत, जास्त टिकलेली दिसली. त्यानंतर फरक पुसट झाला. दादा म्हणाला, बरोबर, म्हणूनच आयुष्य वाढण्याची भाषा सोडून देऊ. मलाही तेच वाटतं. माणूस किती वर्षं जगला यापेक्षा जगताना त्याच्या मनाचं काय चाललं होतं हा प्रश्न जास्त जवळचा आहे, आणि विनोदाचा खरा संबंध तिथेच तपासायला हवा.

दादा : मग एका मुलाचं सांगतो. नाव, गाव, शाळा विचारू नका. नववीत आहे, अंगाने जाड. कुणी चिडवायच्या आत हा स्वतःलाच चिडवून मोकळा होतो. बाकावर बसताना ‘सरका रे, ट्रक रिव्हर्स येतोय’ म्हणतो आणि तोंडाने तो टीं-टीं आवाजही काढतो. अख्खा वर्ग हसतो. बाई मला म्हणाल्या, याची काळजी नको, हा स्वतःवर हसू शकणारा मुलगा आहे. आणि हाच मुलगा कित्येक आठवडे खेळाच्या तासाला पोट दुखतंय म्हणून वर्गात एकटा बसून राहतो.

आत्या : पोट खरंच दुखत असेल.

दादा : खरंच दुखतं. डॉक्टरांना काही सापडत नाही, तरी दुखतं. आणि मी त्याला वर्गात पाहिलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. हशा पिकला की हा स्वतः हसत नाही. तो शेवटच्या दोन बाकांकडे बघतो. तिथली मुलं हसली का, एवढंच बघतो. ती हसली की याचे खांदे सैल पडतात.

आत्या : त्याला मी विनोद म्हणणारच नाही. ते पोर वर्गाला रोज हप्ता देतंय. माझ्यावर हसा, पण मला तुमच्यात बसू द्या.

दादा : तू हप्ता म्हणतेस, तेच मानसशास्त्रज्ञांनी मोजलंय. कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातले रॉड मार्टिन आणि त्यांचे सहकारी. २००३ मध्ये त्यांनी ३२ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तुम्हाला विनोदबुद्धी किती, यापेक्षा ती तुम्ही वापरता कशासाठी, हे त्यांना हवं होतं. चार तऱ्हा निघाल्या. माणसं जोडायला, बैठक सैल करायला केलेला विनोद ही एक. संकटात, अगदी एकटं असतानाही, स्वतःचं मन सावरायला केलेला विनोद ही दुसरी. दुसऱ्याला खाली बघायला लावणारा ही तिसरी. आणि चौथी या मुलाची: लोकांनी जवळ करावं म्हणून स्वतःला प्रमाणाबाहेर उणं करून घेणं. पहिल्या दोन ज्यांच्यात जास्त, ती माणसं साधारणपणे समाधानी, कमी उदास, कमी चिंतातुर. चौथी ज्यांच्यात जास्त, त्यांचं चित्र उलटं. स्वतःबद्दलचं मत वाईट, उदासी जास्त.

आत्या : आणि तिसरी? टोमणे मारणारे?

दादा : त्यांच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्याशी त्या टोमण्यांचा फारसा संबंध दिसत नाही, ना चांगला ना वाईट. संबंध दिसतो तो वैरभावाशी, आक्रमकपणाशी.

हे ऐकून मी लिहायची थांबले. प्रत्येक घराण्यात एक काका किंवा मामा असतोच, जो पंगतीत सगळ्यांची फिरकी घेतो. सुनेच्या माहेरावरून, भाच्याच्या मार्कांवरून, कुणाच्या टकलावरून. लोक म्हणतात, मोठा मजेशीर माणूस. त्याला रात्री झोपही छान लागत असणार. विनोद आणि मनाची तब्येत यांचं नातं आपण फक्त विनोद करणाऱ्याकडे बघून ठरवलं, तर हा काका उत्तम गुणांनी पास होतो आणि पंगतीत मान खाली घालून जेवणारी सून हिशेबातच येत नाही. मला हा हिशेब मान्य नाही. झुरिकचे विलिबाल्ड रूख आणि त्यांचे सहकारी यांनी लोक आपल्याला हसतील या भीतीचा वेगळा अभ्यास केला आहे. ही भीती काहींच्या मनात इतकी खोल बसते की शेजारच्या टेबलावरचं निरुपद्रवी हसूही त्यांना आपल्यावरचंच वाटतं. अशी भीती बसते कशी हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. शाळेत ‘जाड्या’, ‘काळ्या’, ‘चष्म्या’ म्हणून हाक मारलेल्यांना विचारावं. चाळीस वर्षांनी स्नेहसंमेलनाला गेल्यावर त्याच नावाने हाक येते, आणि तेव्हाही हसावंच लागतं.

आत्या काही वेळ गप्प होती. मग तिने असा मुद्दा काढला की दादाला खुर्ची पुढे ओढावी लागली.

आत्या : तुझी ती चौथी तऱ्हा जपून वापर. स्वतःला हसणं वाईट, असं सरसकट म्हणशील तर मराठी विनोदाचं अर्धं कपाट रिकामं करावं लागेल. चिं. वि. जोशींचा चिमणराव घे. गोष्ट सांगणारा तोच आणि फजिती होणारा तोच. बेत आखावा आणि तो फसावा, गुंड्याभाऊने मदतीला धावावं आणि घोटाळा दुप्पट करावा, मग काऊपुढे तोंड दाखवायची पंचाईत. एका तरी गोष्टीत हा माणूस जिंकलाय का? मग तो खचलेला म्हणायचा?

दादा : तो कागदावरचा माणूस आहे, आत्या.

आत्या : कागदावरचा म्हणून सोडू नकोस. ते कसं लिहिलंय ते बघ. चिमणराव फजिती सांगतो, पण ‘मी हा असाच फालतू’ असं म्हणत नाही. तो अगदी गंभीरपणे स्वतःची बाजू मांडत असतो. हसायचं काम वाचकाचं. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी तो केला तेव्हा त्यांनी हेच सांभाळलं होतं, चेहऱ्यावर कुठेही ‘बघा मी किती हास्यास्पद’ असा भाव नाही. आणि पुढच्या गोष्टीत हा गृहस्थ नव्या उमेदीने नवा बेत आखायला हजर. का? कारण फजितीने त्याचं घरातलं स्थान जात नाही. काऊ रागावते, पण ती त्याचीच आहे. गुंड्याभाऊ घोटाळे करतो, पण साथ सोडत नाही. चिमणरावला आपली जागा पक्की आहे हे ठाऊक आहे, म्हणून तो मोकळेपणाने फजित होऊ शकतो. तुझ्या मुलाला ती खात्री नाही. त्याला वाटतं, ट्रकचा आवाज काढला नाही तर बाकावर जागाच मिळणार नाही.

दादा : थांब, हे नीट समजून घेऊ दे. म्हणजे दोघांच्या तोंडचं वाक्य कदाचित सारखंच असेल.

आत्या : वाक्य सारखंच असेल. एक जण जागा आहे म्हणून ते बोलतो, दुसरा जागा मिळावी म्हणून. हे लिहिणारे चिं. वि. बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते. आयुष्य बौद्ध ग्रंथ वाचण्यात गेलं. मला नेहमी वाटत आलंय की चिमणरावकडे ते ज्या मायेने बघतात तिचं मूळ तिकडेही असेल. पुरावा नाही माझ्याकडे, पण वाटतं.

दादा : मार्टिन यांच्या दुसऱ्या तऱ्हेत हेच येतं खरं. स्वतःच्या मूर्खपणाकडे जरा लांबून, पण आपुलकीने बघता येणं. बाहेरून ते चौथ्या तऱ्हेसारखं दिसतं म्हणून शिक्षक फसतात. मीही नुसतं वाक्य ऐकून ओळखू शकत नाही. वाक्य संपल्यावर तो कुणाकडे बघतो ते बघावं लागतं.

माझ्या मते सबंध चर्चेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट होती. आपण विनोदबुद्धीला एक सुटा गुण समजतो, उंची किंवा गोड गळ्यासारखा, कुणाला असतो कुणाला नसतो. पण तोच विनोद एकाच्या तोंडी निरोगीपणाची खूण असतो आणि दुसऱ्याच्या तोंडी मदतीची हाक. फरक विनोदाच्या मागे उभ्या असलेल्या स्वभावात असतो, आणि त्या स्वभावाला भोवतालच्या माणसांनी काय शिकवलं यात असतो.

दादा मात्र एवढ्याने मागे हटणारा नव्हता.

दादा : तरी दुःखाच्या वेळी विनोद म्हणजे पळवाट, हे माझं मत कायम आहे. मी पाहिलंय. वडील गेल्यावर एक मुलगी महिनाभर नुसते जोक सांगत फिरत होती.

आत्या : आणि आपल्या घरातला तेरावा विसरलास?

हे सांगायला हवं. आतोबांना घरातल्या प्रत्येक बटणावर चिठ्ठी चिकटवायची सवय होती. ‘पंखा’, ‘ट्यूब’, ‘बाहेरचा दिवा’. दिवाणखान्यात एक जुनं बटण होतं, त्याची वायर कधीच काढून टाकलेली. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘याने काहीही होत नाही.’ तेराव्याच्या दिवशी गुरुजींना उकडत होतं. त्यांनी उठून नेमकं तेच बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग चष्मा वर करून चिठ्ठी मोठ्याने वाचली. पहिल्यांदा हसली ती आत्या. मग सगळेच हसलो, गुरुजीही, आणि हसता हसता ती रडायला लागली. त्यानंतर तासभर फक्त आतोबांच्या गोष्टी निघाल्या. तोवर तेरा दिवस त्यांचं नाव काढताना सगळे आवाज खाली आणत होते.

आत्या : त्या दिवसापर्यंत मला ते फक्त दवाखान्यातले आठवत होते. नळ्या लावलेले. त्या चिठ्ठीने मला माझा नवरा परत दिला.

दादा : ते हसू मी पळवाट म्हणणार नाही. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी १९९७ मध्ये यावरच लिहिलंय. नवरा किंवा बायको जाऊन सहाएक महिने झालेल्या माणसांना त्यांनी गेलेल्या माणसाबद्दल बोलायला सांगितलं आणि चेहरे टिपले. बोलताना जे मनापासून हसले, म्हणजे ज्यांच्या डोळ्यांभोवतीचे स्नायूही हसले, ते कमी त्रासात होते आणि भोवतालच्या माणसांशी त्यांचं बरं जमत होतं. पण बघ, ते हसू आपोआप आलेलं होतं. कुणी हसा म्हणून सांगितलेलं नव्हतं.

आत्या : त्याबद्दल मी तुझ्याशी भांडणार नाही. दहाव्यालाच एक गृहस्थ मला म्हणाले, आता हसत राहायचं हं, त्यांना रडकी माणसं आवडायची नाहीत. मला त्यांचं तोंड बघवेना. माझं रडू माझं होतं, त्यांना त्यात काय अडचण होती? पण ‘ठरवून आलेला विनोद खोटा’ असं म्हणत असशील तर तेही खरं नाही. व्हिक्टर फ्रँकल आठव. ऑशविट्झ आणि इतर छळछावण्यांतून वाचलेला मानसोपचारतज्ज्ञ. बांधकामावर त्याच्या शेजारी एक शल्यचिकित्सक मजुरी करत होता. दोघांनी ठरवलं, रोज निदान एक विनोदी प्रसंग रचायचा, आणि तो सुटकेनंतर घडू शकेल असा हवा. छावणीत पातळ सूपाच्या तळाला वाटाण्याचे दाणे असायचे, म्हणून वाढणाऱ्याने पळी तळापर्यंत घालावी ही प्रत्येकाची धडपड. तर यांचा विनोद असा, की पुढे कधीतरी आपण थाटाच्या मेजवानीला जाऊ, आणि सवयीने यजमानीणबाईंना विनवू : बाई, तेवढं तळातून वाढा!

दादा : हे रोज ठरवून?

आत्या : रोज ठरवून. व्यायामासारखं. आता सांग.

दादा : मग मी माझं वाक्य बदलतो. कुणी लादलेलं हसू वेगळं आणि माणसाने स्वतःसाठी योजलेलं वेगळं. पण आत्या, त्या सूपाच्या गोष्टीत काम कोण करतंय? विनोद की आशा? पीटरसन आणि सेलिग्मन यांनी २००४ मध्ये माणसाच्या २४ चांगल्या गुणांची मांडणी केली. त्यात विनोदबुद्धी आहे, दयाळूपणा आहे, प्रामाणिकपणा आहे. यातला कोणता गुण आयुष्याबद्दलच्या समाधानाशी जास्त बांधलेला आहे हे त्यांनी पाहिलं तेव्हा वर आले आशा, उत्साह, कृतज्ञता, प्रेम आणि कुतूहल. विनोदबुद्धीचा संबंध होता, पण या पाचांच्या पंक्तीत ती नव्हती. शिवाय समाधानी माणूस जास्त विनोद करतो की विनोदाने समाधानी होतो, हे अशा अभ्यासातून कळत नाहीच.

आत्या : नसू दे पंक्तीत. फ्रँकलच्या सूपात आशा होती. तेराव्याच्या चिठ्ठीत प्रेम होतं. चिमणरावात स्वतःबद्दलची माया आहे. विनोद यातून वेगळा काढून मोजलास तर हातात चुटका उरणार, आणि चुटक्याचं काय होतं ते लोखंडवालाच्या बागेत पाहिलंच कटारियांनी. पु. लं.कडे बघ. सबंध महाराष्ट्र त्यांना हसवणारा माणूस म्हणून ओळखतो. पण १९८६ मध्ये पुण्यात अनिल आणि अनिता अवचटांनी व्यसनी माणसांसाठी मुक्तांगण उभं केलं ते पु. लं. आणि सुनीताबाईंच्या देणगीवर. ‘व्यक्ती आणि वल्ली’तल्या विक्षिप्त माणसांकडे ज्या नजरेने त्यांनी पाहिलं, तीच नजर तिथे पैशाच्या रूपाने पोचली असं मी मानते. ती नजर नसती तर वल्लींची नुसती टवाळी झाली असती.

दादा : स्टॅनफर्डला जेम्स ग्रॉस आणि आंद्रेआ सॅमसन यांनी याच्याजवळचं काही पाहिलंय, २०१२ मध्ये. लोकांना अपघाताची, आजाराची, अंगावर काटा आणणारी छायाचित्रं दाखवली आणि त्याकडे विनोदाने बघायला सांगितलं. एका वेळी सहृदय विनोद, दुसऱ्या वेळी कुत्सित. दोन्हींनी बरं वाटलं, पण सहृदय विनोदाने जास्त.

आत्या : कुत्सित विनोदानेही बरं वाटलं ना? तिथेच मेख आहे. म्हणून लोक तो सोडत नाहीत.

मला वाटतं, आत्या इथे अभ्यासाच्याही पुढचं बोलली. कुत्सितपणाने घटकाभर बरं वाटतं, हे नाकारून मुलांना सभ्यपणाचे धडे देण्यात अर्थ नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलांनाही काहीतरी मिळत असतं. त्यांना याहून बरं वाटेल असं हसू कधी दाखवलेलंच नसतं.

मी दादाला विचारलं, मग त्या मुलासाठी तू काय करणार आहेस?

दादा : झुरिकच्याच लोकांनी २०१३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आठवडाभर रोज रात्री, त्या दिवशी घडलेल्या तीन गमतीदार गोष्टी लिहायच्या आणि त्या का घडल्या तेही लिहायचं. बस, एवढंच. ज्यांनी ते केलं त्यांच्या मनःस्थितीत सहा महिन्यांपर्यंत फरक दिसला. मी त्या मुलाला वही देणार आहे. फक्त एक अट. तिन्हींपैकी एकाही गोष्टीत तो स्वतः नसायचा. जगात इतर ठिकाणीही गंमत आहे, प्रत्येक वेळी त्यालाच खर्ची पडायची गरज नाही, हे त्याला कळू दे.

आत्या : अट चुकतेय. तू त्याला त्याच्याच दिवसातून हाकलतो आहेस. असू दे तो त्या गोष्टीत. तो पडला, विसरला, घाबरला, लिहू दे. पण ती वर्गात सांगायची नाही. वहीत राहायची. बघणारे शेवटचे दोन बाक नसतील तेव्हा तो स्वतःवर कसा हसतो, ते त्यालाही माहीत नाही आणि तुलाही नाही.

दादा : आणि वर्ग? तो तर उद्याही तोच असणार.

आत्या : ते काम मुलाचं नाही, तुमचं. त्या दोन बाकांवरच्यांना बोलावून घे. वही त्यांनाही दे. तुझी अट त्यांना घाल : रोज तीन गोष्टी, कुणाच्याही शरीराबद्दल एकही नको.

दादा : त्यांना पहिले काही दिवस लिहायला सापडणारच नाही.

आत्या : नाही सापडणार. कोरी वही आणतील. ओरडू नकोस. त्यांच्या शेजारी बस आणि एक गोष्ट तू सांग.

दादाने यावर हो म्हटलं नाही. वर्गातल्या इतर मुलांना यात ओढलं तर त्या एकट्या मुलाकडे सगळ्यांचं लक्ष जाईल ही त्याची शंका होती, आणि ती रास्त आहे. मग अख्ख्या वर्गालाच वह्या द्याव्यात, बाईंनीही लिहावं, इथपर्यंत बोलणं आलं. खेळाच्या तासाचं काय करायचं यावर दोघांचं अजून जमलेलं नाही. दादा म्हणतो, त्याला सध्या तासाला पाठवू नये. आत्या म्हणते, पाठवावं, पण गुण लिहायला, म्हणजे त्याला मैदानावर जागा असेल आणि ती मिळवायला ट्रकचा आवाज काढावा लागणार नाही.